बाबांचा वाय आणि आईची उन्हाळी

आमच्या घरात दोन माणसांना एकच आजार झाला, मूत्राशयाचा कॅन्सर. आधी बाबांचा कळला, मग आईचा. बाबांची बातमी आलापल्लीपासून आष्टीपर्यंत चार दिवसांत पोचली, आणि बघायला येणाऱ्यांसाठी शेजारच्या घरून खुर्च्या आणाव्या लागल्या. आईची बातमी आमच्याच घराला उशिरा कळली. तिच्या बाबतीत सगळा प्रश्न एवढाच होता, की आता हातात वेळ उरला आहे की नाही.

मी चंद्रपूरला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी बारावीच्या पोरांना फळ्यावर एक्स आणि वाय काढून दाखवते. तेव्हा या विषयात आमच्या घरात कुणी अडाणी राहिलं असेल, तर ते माझ्या डोळ्यांदेखत. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. आमच्याकडचा दिवा तर अनुदानित होता.

बाबा वनरक्षक म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी आलापल्लीच्या सागवानात गेली. त्यांना आम्ही तीन मुली, मी थोरली. तिसरी झाली तेव्हा बाबांनी दवाखान्याच्या दारातूनच सायकल परत फिरवली आणि दोन दिवस जंगलातल्या चौकीवर जाऊन राहिले. "हिच्या पोटात पोरगाच नाई," हे वाक्य ते कुणालाही सांगत, सागाच्या खोडाचा घेर सांगावा तितक्या खात्रीनं. आई ते ऐकून घ्यायची. गावही ऐकून घ्यायचं, आणि वर आईलाच उपास सुचवायचं.

मी बारावीत गेले आणि पुस्तकात तो धडा आला. त्या दिवशी मी कॉलेजातून जवळजवळ पळतच घरी आले. बाबा अंगणात बिडी ओढत बसले होते. मी वहीत चौकट काढून त्यांच्यापुढे धरली. आईकडून येतो तो नेहमी एक्सच. बाबांकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. "म्हंजे बाबा, तिन्ही वेळा तुमीच एक्स देल्ला."

बाबांनी वही सरळ धरून पाहिली, मग उलटी धरून पाहिली.

"हे पुस्तक कोनं काढलं?"

"शासनानं."

शासन म्हटल्यावर त्यांची पंचाईत झाली, कारण पगार शासनाचाच होता. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आई चुलीपाशी होती. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे माह्यावाला दोष नाई?"

"नाई."

"बरं झालं बापा," म्हणाली आणि तिनं भाताचा गंज खाली उतरवला. इतक्या वर्षांच्या खटल्याचा निकाल तिच्या बाजूनं लागला होता, आणि जेवायची वेळ झाली होती.

तर असा तो वाय. बाबांनी तो कुणालाच दिला नाही. आयुष्यभर स्वतःकडे जपून ठेवला आणि सत्तरी उलटल्यावर हरवून बसले.

ते कसं झालं ते सांगते. निवृत्तीनंतर बाबा आणि त्यांचे तीन जुने सोबती रोज सकाळी रस्त्यानं फिरायला जात. जंगलाच्या हद्दीवर चुना लावलेले पांढरे दगड असतात. नोकरीत त्या दगडांना दरसाल चुना लावून घेणं बाबांचंच काम होतं. निवृत्त झाल्यावर फिरून परतताना त्यातल्याच एका दगडावर लघवी करण्यात त्यांना फार समाधान वाटे. ते कुठल्या साहेबाच्या आठवणीत, हे मी कधी विचारलं नाही. एका दिवाळीच्या आसपास तो दगड लाल झाला.

"भाऊ, खर्रा थुकले का त्याच्यावर?" एका सोबत्यानं विचारलं.

"म्या नाई थुकलो ना."

मग चौघेही म्हातारे कमरेवर हात ठेवून, वाकून त्या दगडाकडे पाहत उभे राहिले. चौकशी समिती बसावी तसे. संध्याकाळपर्यंत मला चौघांच्याही घरून फोन आले. चौथ्या दिवशी बाबा नागपुरातल्या मोठ्या दवाखान्यात होते आणि आठव्या दिवशी दुर्बिणीतून त्यांची गाठ काढली गेली होती.

मला तेव्हापासून वाटत आलंय की पुरुषाची लघवी ही आपल्याकडे सार्वजनिक बाब आहे. ती उन्हात, रस्त्यावर, चार माणसांच्या साक्षीनं होते. बाईची आडोशाला, काळ्या फरशीवर, मिणमिणत्या दिव्याखाली होते आणि वर लगेच पाणी ओतलं जातं. तिथे साक्षीला कुणी नसतं.

दोन महिन्यांत बाबांची गाठ पुन्हा उगवली. या खेपेला आम्हाला एक तरुण डॉक्टर भेटला. मोठे डॉक्टर नुसते सह्या करत, हा बोलायचा. पुरुष आणि बाई यांचा कॅन्सर वेगळा का वागतो, यावर त्याचा काही अभ्यास चालला होता, आणि त्यासाठी तो काढलेल्या गाठींचे तुकडे तपासत होता. बाबांच्या गाठीचा तुकडाही त्यानं मागून घेतला. काही दिवसांनी तपासणीला गेलो तेव्हा मी औषधांच्या खिडकीशी रांगेत होते. तेवढ्यात व्हरांड्यातून जाता जाता त्यानं आईबाबांना सांगितलं, "काका, तुमच्या गाठीतला वाय गेलाय," आणि तो घाईनं पुढे गेला.

परतीच्या वाटेवर मी चंद्रपूरला उतरले. आईबाबा पुढे आलापल्लीला गेले. गाडीत दोघंही गप्प होते हे मला दिसलं होतं, पण नागपूरच्या दवाखान्यातून येणारं कोण गात येतं? तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला, की तुझ्या बाबानं अन्नपाणी सोडलं आहे आणि घरातल्या वस्तू वाटून राह्यला आहे.

मी सुट्टी टाकून पोचले. अंगणात दहा-बारा माणसं बसली होती. बाबा खाटेवर पडून होते. त्यांनी आपली बॅटरी एका सोबत्याला दिली होती, जंगलातले बूट दुसऱ्याला. ते बूट त्याला होत नव्हते, पण तशा प्रसंगी नाही कसं म्हणायचं म्हणून त्यानं ते मांडीवर धरले होते.

"डाक्टरच म्हनला, वाया गेली केस," बाबा म्हणाले. "माह्या या कानानं आयकलं."

मी आईकडे वळले. "नेमकं काय म्हनले डॉक्टर?"

"वाया गेला म्हनले."

"वाया, का वाय?"

"आता वायात न् वायामंदी काय फरक हाय वो?"

फरक तीन मार्कांचा होता. मी डॉक्टरला फोन लावला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा स्पीकरवर टाकला. त्यानं बिचाऱ्यानं सगळं सोपं करून सांगितलं. वाय म्हणजे पुरुषाच्या पेशीत असतं ते गुणसूत्र. वय झालं की पुरुषांच्या काही पेशींतून ते गळून जातं, बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांच्यात जास्त. काकांच्या गाठीतल्या पेशींतून ते गेलं आहे, एवढाच अर्थ. बाबा खाटेवर उठून बसले.

"म्हंजे मी आता बाई झालो का जी?"

"नाही काका. फक्त गाठीतला गेलाय. बाकी अंगात आहे."

"बाकी अंगात हाय ना? पक्का?"

"पक्का."

सगळ्या अंगणानं सुटकेचा श्वास सोडला. आईनं पदर तोंडावर घेतला आणि ती हसायला लागली. तिला तसं हसताना मी फार वर्षांनी पाहिलं. "झाले असते बाई तं बरं झालं असतं जी," ती म्हणाली. "येवढ्या लोकाईचा चहा तं मांडला असता." आणि चहा मांडायला आत गेली. त्या संध्याकाळी बाबा पोटभर जेवले. बॅटरी परत आली. बूट नाही आले, त्या माणसानं ते आपल्या जावयाला देऊन टाकले होते.

पुढच्या खेपेला मी त्या तरुण डॉक्टरला गाठून नीट विचारलं. त्यानं एका पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलं. पेशीला वेड्यासारखं वाढू न देणारा एक जीन एक्सवर असतो. वायवर त्याचा एक दुबळा भाऊ असतो. पुरुषाकडे एक धडधाकट आणि एक दुबळा, वाय गळाला की दुबळाही गेला. बाईकडे एक्स दोन असतात. त्यातला एक झोपवलेला असतो हे मीही शिकवते. पण झोपलेल्या एक्सवरचे काही जीन जागेच राहतात, आणि हा त्यातलाच एक. आई दुपारी डोळा लावून पडते, पण चुलीवरचं दूध उतू जायच्या आत उठते, तसा. म्हणजे बाईच्या पेशीत दोन प्रती बिघडाव्या लागतात, तेव्हा कुठे कॅन्सरला वाट मिळते.

"म्हणून हा कॅन्सर बायकांना कमी होतो?" मी विचारलं.

"हे एक कारण असावं. बिडी हेही आहेच. इतकं सोपं नसतं मॅडम." मग तो म्हणाला, "आणि वाय गेलेली गाठ आडदांड असते, पण शरीराचं रोगाशी लढणं जागं करणाऱ्या औषधाला ती बरी बधते असं दिसायला लागलंय. काकांना ते सलाईनमधून देणारच आहोत, बघू." पाकीट माझ्याकडे देत त्यानं पुढचं सांगितलं. "गंमत म्हणजे, बायकांना हा आजार कमी होतो, पण झाला तर त्याच जास्त दगावतात."

"का?"

"काही जीवशास्त्र असेल. पण त्या येतातच उशिरा."

"बायका सांगत नाहीत," मी म्हणाले.

"अंगावर काढतात," तो म्हणाला.

आम्ही दोघंही शिकलेले, त्यामुळे आमचं लगेच एकमत झालं. पुढच्या आठवड्यात मी हे सगळं वर्गात सांगितलं. निसर्गानं मुलींना एक जास्तीची प्रत दिली आहे म्हटल्यावर मुली खूश झाल्या आणि मागच्या बाकावरची पोरं रुसली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कुणी केली असेल ती एखाद्या मास्तराकडे पाहूनच केली असणार.

मग दर तीन आठवड्यांनी बाबांचं सलाईन सुरू झालं. आई प्रत्येक खेपेला सोबत असायची. आलापल्लीहून सकाळच्या पहिल्या गाडीनं निघायचं, खनिजाच्या ट्रकांच्या मागून खड्डे मोजत यायचं, दुपारी माझ्याकडे पोचायचं, दुसऱ्या दिवशी नागपूर. बाबा वाटेत लघवीसाठी आष्टीला उतरत, गोंडपिपरीला उतरत, कोठारीला उतरत. गाडी त्यांच्यासाठी थांबायची, कारण पेशंट होते, आणि पेशंट नसते तरी थांबली असती. आई आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करायची.

"बाईसाठी कोन गाडी थांबवते वो?" ती म्हणायची. "आन् थांबवली तं सारी गाडी खिडकीतून पाह्यते."

माझ्याकडे पोचली की पहिली मोरीत जायची, आणि बाहेर येऊन म्हणायची, "उन्हाळी लागली बापा."

उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ. चंद्रपूरच्या उन्हात होळीपासून पाऊस पडेपर्यंत घरातल्या प्रत्येकाला एकदा तरी ती लागते. धन्याचं पाणी आणि खडीसाखर हा तिचा ठरलेला इलाज. उन्हाळी लागली म्हटल्यावर आमच्याकडे कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. मी धन्याचं पाणी करून द्यायचे. गणित सोपं होतं, पाणी पीत नाही म्हणून जळजळ होते. एकदा गोळ्यांची पट्टी आणून दिली, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारून. तिला चार दिवस बरं वाटलं. महिन्याभरानं पुन्हा दिली. मग पावसाळ्यात पुन्हा. पावसाळ्यातही मला उन्हाळी या शब्दात काही खटकलं नाही.

माझे यजमान ऊर्जानगरला वीज केंद्रात आहेत, म्हणून आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो. तिथे संडासात पांढरं भांडं आहे आणि नळाला ठरल्या वेळीच पाणी येतं. जानेवारीतली एक सकाळ होती. वीज केंद्राच्या बसगाड्या पहिल्या पाळीच्या माणसांना घेऊन गेल्या होत्या. बाबा बाहेर उन्हाला बसले होते. टाकीतलं पाणी संपलं होतं, आणि आई नुकतीच आतून आली होती. मी बादली घेऊन आत गेले आणि पाहिलं.

"आई, हे काय हाय?"

"उन्हाळी लागली म्हनलं ना."

"आई, जानेवारी आहे. मी सेटर घालून उभी आहे."

"मंग? उन्हाळी का कॅलेंडर पाहून येते?"

"अवो, रक्त हाय हे."

तिनं माझ्या हातातली बादली घेतली. "बाईले रक्त नवीन हाय का बापा?" म्हणाली आणि पाणी ओतून टाकलं.

तेरा वर्षांची असल्यापासून तिनं रक्त धुतलं होतं, तीन बाळंतपणांत धुतलं होतं, आणि ते कुणाला दाखवायचं नसतं हेच तिला सगळ्यांनी शिकवलं होतं. मीसुद्धा तिच्याकडूनच तेच शिकले होते. पण तिची पाळी जाऊन वीस वर्षं झाली होती. मी संडासाच्या दारात उभी राहून घाबरून गेले.

पाचव्या दिवशी आम्ही नागपुरात होतो. दुर्बीण, फोटो, तुकडा, सगळं बाबांच्या वेळी पाहिलेलं. त्या तरुण डॉक्टरला आईला पाहून वाईट वाटलं, ते खरंच वाटलं. पण नवरा-बायको दोघांना एकच आजार, आणि त्यातली एक बाई, हे त्याच्या अभ्यासासाठी सोन्यासारखं होतं, आणि तेही त्याला लपवता येईना. "आमच्याकडे बायकांचे नमुने फार कमी असतात काकू," तो म्हणाला. आई आयुष्यात पहिल्यांदाच कुठेतरी दुर्मीळ ठरली होती.

मग त्यानं विचारलं, "कधीपासून जातंय रक्त?"

"मोहाचे फुलं पडून राह्यले होते तवापासून."

"म्हणजे मार्चपासून. जवळजवळ वर्ष झालं."

"नाई जी. या मोहाच्या नाई. त्याच्या मागच्या मोहाच्या."

मी मनात महिने मोजले. तो मोह बाबांचा दगड लाल व्हायच्या सहा-सात महिने आधीचा होता. घरात पहिली पेशंट आई होती. बाबांच्या सगळ्या खेपांना ती पेशंटची सोबती म्हणून आली होती, पाणी न पिता, आणि व्हरांड्यात बसून त्यांची फाईल सांभाळत होती.

डॉक्टर चिडला. रागावण्याइतका तो आता आमच्या घरचा झाला होता. "जवळजवळ दोन वर्षं! आणि कुणाला सांगितलं नाही? तुम्ही बायका असंच अंगावर काढता काकू. बघा आता, गाठ भिंतीच्या पार गेली आहे."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "होव जी," म्हणाली. "चुकलं माह्यं."

"मले तं कंदीच नाई बोलली थे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चिडका होता आणि डोळे भरले होते.

बाबा सलाईनला गेले. आई आणि मी बाहेर बाकावर बसलो. मलाही राग आला होता. इतकी शिकली-सवरलेली मुलगी असताना ही बाई गप्प बसते म्हणजे काय? मी विचारलं, "खरं सांग आई, काऊन नाई सांगतलं?"

तिनं माझ्याकडे खरोखर आश्चर्यानं पाहिलं.

"तुले सांगतलं ना वो."

"कधी?"

"तवाच. फोनवर. म्या म्हनलं, उन्हाळी लागली, आन् लाल होऊन राह्यलं. तू म्हनली आपल्याकडच्या उन्हाळ्यात साऱ्यायलेच लागते. बीट खाल्ला असंन म्हनली. पानी पे म्हनली." तिनं बाबांची फाईल मांडीवर नीट ठेवली. "मंग म्या पेली पानी."

मला आधी आठवेना. मग आठवलं. मार्चचा शेवट होता, बोर्डाचे पेपर तपासायला आले होते. फोन खांदा आणि कान यांच्यात धरलेला, हातात लाल पेन, समोर लिंगनिश्चितीचा प्रश्न, तीन मार्कांचा. आई बोलत होती आणि मी कुणातरी पोराचा अर्धा मार्क कापत होते. बीट मी म्हणाले होते. पाणी पी हेही म्हणाले होते. मग विचारलं होतं, बाबा कसे आहेत.

"मग आता डॉक्टरले काऊन नाई सांगतलं हे? चुकलं माह्यं काऊन म्हनली?"

"तू मास्तरीन हायस," आई म्हणाली. "लोकाईसमोर कायले?"

मी त्या बाकावर बसून रडले. आजूबाजूला सगळे कॅन्सरचेच लोक, त्यामुळे कुणी वळून पाहिलं नाही. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, बाबाचं सलाईन सरत आलं असंन, चाल.

आईचं मोठं ऑपरेशन झालं. पोटाला पिशवी लागली. बाबांना देतात तेच सलाईन तिलाही दिलं. बाबांना ते लागू पडलं होतं, तिला पडलं नाही. तरुण डॉक्टरनं तिच्या गाठीतही तो जीन पाहिला, त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या होत्या. एक गेली तेव्हा दुसरीनं धरून ठेवलं असेल, काही महिने, काही वर्षं, कोण जाणे. निसर्गानं तिला तेवढा वेळ दिला होता, असं मी मानते. मी तसं म्हटलं की डॉक्टर मान हलवतो, इतकं सोपं नसतं मॅडम म्हणतो. त्याचंच बरोबर असेल. पण पाणी पी म्हणणारी मी होते, तो नव्हता.

पोळ्याच्या आधी चार दिवस आई गेली. आलापल्लीच्या घरी, स्वतःच्या खाटेवर. बाबा तिच्या पायाशी बसून होते. रडता रडता ते एकदाच बोलले. "वाय माहा गेला, न् वाया थे गेली." तिथे कुणी हसलं नाही.

बाबा बरे आहेत. त्यांचे फोटो स्वच्छ येतात. बिडी सुटली आहे. चहा स्वतः मांडतात, साखर फार घालतात, आणि माझ्याशी बोलताना कधी कधी मधेच थांबतात. त्यांना सांगायचं आहे ते मला कळतं आणि मला सांगायचं आहे ते त्यांना दिवाळीपर्यंत कळलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांना तपासायला घेऊन गेले. तरुण डॉक्टरनं बसवून घेतलं. त्याचा अभ्यास संपत आला होता आणि दोघांचेही कागद पूर्ण करायचे राहिले होते. बाबांचा कागद आधीच भरलेला होता. लक्षण प्रथम कोणास सांगितले, मित्रांना. आईच्या कागदावर त्याच रकान्यात त्यानं पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं, कोणासही नाही. मला फक्त खाली सही करायची होती.

मी त्याच्याकडे खोडरबर मागितलं. "कोणासही नाही" पुसलं आणि पेनानं "मुलीला" लिहिलं. बाबा शेजारी बसून वाचत होते. डॉक्टरनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पेन्सिल खिशात ठेवली. पुढच्या रकान्यात त्या व्यक्तीचं शिक्षण विचारलं होतं. मी लिहिलं, एम.एस्सी., प्राणिशास्त्र.

त्याच्या पुढचा रकाना, त्या व्यक्तीनं काय सल्ला दिला, असा होता. मी लिहिलं, पाणी पी.